काच कुठे काढायची, कुठे ठेवायची: माती-पाणी प्रयोगशाळेच्या प्रकल्प नोंदी

२ डिसेंबर २०२४ – व्याप्ती

फुटणाऱ्या काचेच्या भांड्यांऐवजी प्लास्टिक किंवा दुसरा माल कुठे चालेल आणि काच कुठे तशीच ठेवायची, ते ठरवायचे आहे. प्रयोगशाळा विदर्भातली. वातानुकूलन फक्त उपकरणांच्या खोलीत (धातू मोजायचे एएएस, फ्लेम फोटोमीटर, स्पेक्ट्रोफोटोमीटर). ओल्या कामाचा हॉल उघडाच असतो. हिवाळ्यात सकाळी तिथे १२-१३ °से असते, मे महिन्यात ४० च्या वर. काचेला पर्याय निवडताना ही तफावत सगळ्यात जास्त आडवी येणार आहे, म्हणून ती पहिल्याच नोंदीत.

मुदत एप्रिलपर्यंत. खरिपाआधी नमुन्यांची पोती यायला लागली की नवे भांडे वापरून बघायला सवड मिळत नाही.

काम वस्तूंच्या यादीने करायचे नाही. ‘१०० मिली बीकर, ६० नग’ अशी यादी धरली की सगळे बीकर एकाच मालाचे मागवले जातात आणि मग त्यातच डायक्रोमेट (प्लास्टिकला न चालणारे) ओतले जाते. मृदा आरोग्य पत्रिकेतले बारा घटक (सामू म्हणजे पीएच, विद्युत वाहकता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल म्हणजे मँगनीज, बोरॉन) आणि पाण्याच्या नेहमीच्या तपासण्या एकेक घ्यायच्या. प्रत्येकीला तीन प्रश्न: द्रावण काय आहे? किती तापते? भांड्यातून काय झिरपले किंवा भांड्याने काय शोषले, तर आकडा बिघडेल? फुटण्याचा विचार त्यानंतर.

५ डिसेंबर – फुटते कुठे

तुटफुटीची नोंदवही चाळली. प्रयोग चालू असताना फुटलेले थोडे, धुताना आणि वाळवताना फुटलेले जास्त. कारणे नेहमीचीच: पितळी नळाच्या तोटीवर आपटणारी ब्युरेटची (द्रावण मोजून सोडायच्या खुणांच्या नळीची) टोके, सिमेंटच्या सिंकमध्ये एकावर एक रचलेले बीकर, वाळवणीच्या लोखंडी खुंट्या, शेकरवर (हलवणाऱ्या यंत्रावर) एकमेकांना घासणारे कॉनिकल (शंकूच्या आकाराचे फ्लास्क).

म्हणजे नवीन भांडी घेण्याआधी करायच्या गोष्टी:

- नळांना पॉलिप्रोपिलीनच्या (पुढे पीपी) निमुळत्या तोट्या. जुन्या पितळी तोटीवर रबरी नळीचा ५ सेंमी तुकडा चढवला तरी काम भागते.
- सिंकच्या तळाला भोकांची रबरी चटई. ती आठवड्यातून एकदा उचलून धुवायची, नाहीतर खाली माती साचून निचरा बंद होतो.
- वाळवणीचा खुंट्यांचा फळा पीपीचा.
- क्लॅम्पच्या जबड्यांना कॉर्क किंवा सिलिकॉन नळीचे अस्तर.

हा सगळा खर्च एका डझन चांगल्या फ्लास्कच्या आत बसतो. एवढे केल्यावर काच बदलायची गरज किती उरते, तेही समजेल.

११ डिसेंबर – माल ओळखणे

कपाटात आधीपासून बरेच ‘प्लास्टिक’ पडून आहे, पण शिक्का नसल्याने कशाचे ते कळत नाही. तळाशी त्रिकोणातला आकडा असेल तर सोपे: २ म्हणजे एचडीपीई (जास्त घनतेचे पॉलिइथिलीन), ४ एलडीपीई (कमी घनतेचे), ५ पीपी, ६ पॉलिस्टायरीन. ७ म्हणजे ‘इतर’, त्यात पॉलिकार्बोनेटही येते, म्हणून नुसत्या ७ वर विसंबायचे नाही.

आकडा नसेल तर काठाची नखाएवढी कात्रण काढून पाण्यात टाकायची. पीपी (घनता ०.९०-०.९१), पॉलिइथिलीन (०.९२-०.९६) आणि पीएमपी (पॉलिमिथाइलपेंटीन, ०.८३) तरंगतात. पॉलिस्टायरीन (१.०५), पॉलिकार्बोनेट (१.२०) आणि पीटीएफई (म्हणजे टेफ्लॉन, २.१५-२.२०) बुडतात. कात्रणाला हवेचा बुडबुडा चिकटला की बुडणारेही तरंगते, म्हणून पाण्यात आधी थेंबभर साबण.

पीपी आणि एचडीपीई वेगळे करायला ९५ टक्के स्पिरिटचे ५३ मिली घेऊन पाण्याने १०० मिली करायचे. या मिश्रणाची घनता साधारण ०.९३ येते. त्यात पीपी वर राहते, एचडीपीई तळाला जाते. मिश्रण तयार झाल्यावर कोमट होते, थंड होऊ दिल्याशिवाय चाचणी घ्यायची नाही.

बुडणाऱ्यांवर ॲसिटोनचा एक थेंब: पॉलिस्टायरीन चिकट होते, पॉलिकार्बोनेट पांढरट पडते किंवा त्यावर केसासारख्या भेगा येतात, पीटीएफईला ढिम्म काही होत नाही.

हे करून कपाटातल्या ‘पीपी’ नरसाळ्यांपैकी काही पॉलिस्टायरीनची निघाली. ती १०५ °से च्या ओव्हनपासून आणि सगळ्या सॉल्व्हंटांपासून लांब. फक्त पाण्याचे नमुने गाळायला.

१८ डिसेंबर – सामू आणि वाहकता

सगळ्यात सोपा बदल इथे. २० ग्रॅम माती, ५० मिली पाणी, तापवणे नाही, सॉल्व्हंट नाही. १०० मिली पीपी बीकर आणि पीपीच्याच ढवळकाड्या. काचेच्या कांडीने ढवळताना इलेक्ट्रोडचा फुगा फुटण्याचा धोका असतो, तोही कमी होतो.

एकच अडचण: पीपी हलके. रिकाम्या बीकरमध्ये इलेक्ट्रोड आणि त्याची केबल ठेवली की बीकर कलंडतो. इलेक्ट्रोड स्टँडवरच टांगायचा. बीकर रुंद बुडाचा, कमी उंचीचा मागवायचा.

बफर द्रावणांसाठीही हेच बीकर, पण वेगळ्या खुणेचे. पीपीवर पडलेले ओरखडे नीट धुतले जात नाहीत आणि मातीच्या बीकरमधला गाळ बफरमध्ये येतो. धुताना तारेची घासणी वापरायची नाही; स्पंज किंवा मऊ ब्रश.

२६ डिसेंबर – सेंद्रिय कर्ब: काच तशीच

वॉकली-ब्लॅक पद्धत: १ ग्रॅम माती, १० मिली १ नॉर्मल पोटॅशियम डायक्रोमेट, त्यावर २० मिली संहत सल्फ्युरिक आम्ल एकदम. मिसळण्याच्या उष्णतेने मिश्रण १२० °से च्या आसपास जाते. डायक्रोमेट आणि गरम सल्फ्युरिक आम्ल एकत्र आले की ते मातीतला कर्ब जाळते, तसाच भांड्यातलाही जाळते. पीपी हा शेवटी कर्बच. भांडे कुजेल ते वेगळे, पण डायक्रोमेट भांड्यावर खर्ची पडून सेंद्रिय कर्ब जादा दिसेल, आणि ते ब्लँकवरून (माती न घालता केलेल्या चाचणीवरून) सगळे कळेलच असे नाही.

५०० मिलीचे बोरोसिलिकेट कॉनिकल कायम. इथे त्याचा गुण खरा कामाला येतो: बोरोसिलिकेट ३.३ चा प्रसरणांक ३.३ × १०⁻⁶ प्रति °से, साध्या सोडा काचेचा सुमारे ९ × १०⁻⁶. आम्ल ओतल्यावर तळ तापतो, गळा थंड असतो. सोडा काच हा ताण झेलत नाही. स्वस्तात मिळालेले बिनशिक्क्याचे कॉनिकल या टेबलावर चालणार नाहीत.

बदल झाला तो आम्ल मोजण्यात. सिलिंडरने २० मिली आम्ल भराभर ओतताना सिलिंडर निसटतो. त्याऐवजी बाटलीवर बसणारा डिस्पेन्सर घेतला. पिस्टन पीटीएफईच्या आवरणाचा, नळी काचेची. काम संपल्यावर त्याची नळी रिकामी करून झाकण लावायचे, नाहीतर टोकाशी आम्ल हवेतली ओल ओढून ठिबकते. गरम कॉनिकल फरशीवर ठेवू नये. जाड पुठ्ठा किंवा लाकडी फळी.

३ जानेवारी २०२५ – ब्युरेट

इथे संपूर्ण ब्युरेट बदलण्यापेक्षा स्टॉपकॉक (खालची फिरकीची चावी) बदलणे शहाणपणाचे. काचेची चावी सोडियम हायड्रॉक्साइडने जाम होते आणि ती सोडवताना ब्युरेट मोडते. पीटीएफईच्या चावीला ग्रीस लागत नाही, अल्कलीने ती जाम होत नाही.

जुन्या ब्युरेटमध्ये नवी चावी घालण्याचा बेत मात्र बाद. काचेच्या चावीचा उतार १:१० असतो, पीटीएफईच्या चावीचा १:५. जुन्या बॅरलमध्ये पीटीएफईची चावी बसल्यासारखी वाटते, पण एकाच कडेवर टेकलेली असते आणि हमखास गळते. म्हणून पीटीएफई स्टॉपकॉकच्याच ५० मिली वर्ग ‘अ’ (जास्त अचूक) ब्युरेट मागवल्या (मर्यादा ±०.०५ मिली).

जोडणीचा क्रम: चावी, मग पीटीएफईची चकती, मग रबरी ओ-रिंग, मग नट. चकती आणि रिंग उलटी लावली तर रबर काचेला घासते आणि नट आपोआप सैल होत जातो.

आजच सकाळी नव्या ब्युरेटपैकी काही ठिबकत होत्या, दुपारी थांबल्या. माल सदोष नाही. १९ °से च्या आसपास पीटीएफईची स्फटिकरचना बदलते आणि आकारमान साधारण एक टक्क्याने बदलते; हॉल त्याखाली थंड असला की चावी आकसते. त्यावर उपाय नट पाव फेरा आवळणे, आणि दुपारी तो परत सैल करणे. सकाळी आवळलेला नट तसाच राहिला तर पीटीएफई दाबाखाली पसरते, चावीवर कायमचा वळ उठतो आणि मग ती कोणत्याच हवेत नीट बसत नाही. रात्री नट सैल करून ठेवायचा, असा कागद प्रत्येक स्टँडवर चिकटवला.

ॲक्रिलिकच्या ब्युरेटही पाहिल्या. पडल्या तर फुटत नाहीत हे खरे, पण स्पिरिटने पुसल्या की बारीक तडे जातात, आणि इथे सगळे स्पिरिटनेच पुसतात.

१३ जानेवारी – स्फुरद व पालाश

ऑल्सेन पद्धतीचे द्रावण, ०.५ मोलर सोडियम बायकार्बोनेट, सामू ८.५, पॉलिइथिलीनच्या बाटलीत साठवायचे. काचेत ते महिनाभर राहिले तर सामू आणि सिलिका दोन्ही हलतात. सिलिका मॉलिब्डेटशी रंग देते, त्यामुळे हा बदल टिकाऊपणासाठी नसून अचूकतेसाठी आहे.

निष्कर्षणाला २.५ ग्रॅम माती, ५० मिली द्रावण, ३० मिनिटे शेक. कॉनिकलऐवजी १०० मिलीची रुंद तोंडाची एचडीपीई बाटली, आडवी ठेवून. इथे एक अडचण आहे. भांड्याचा आकार आणि ठेवण बदलली की हलण्याचा जोर बदलतो आणि निघणारा स्फुरदही. म्हणून बाटल्या सरसकट वापरात आणण्याआधी जोडचाचणी: साठवलेल्या संदर्भ मातीचे नमुने (एक हलकी, एक काळी चुनखडीयुक्त) दोन्ही भांड्यांत, प्रत्येकी पाच पुनरावृत्त्या, एकाच दिवशी, एकाच माणसाकडून. दोन भांड्यांच्या सरासरीतला फरक एकाच भांड्यातल्या पुनरावृत्त्यांच्या पसाऱ्याच्या आत असेल तर बदल मान्य. काळ्या मातीत बाटली उभी ठेवली तेव्हा माती तळाला बसून राहिली आणि आकडा खाली आला. आडवी ठेवल्यावर जुळला. आडवीच.

बाटल्या धुण्याचा साबण फॉस्फेटविरहित. पॉलिइथिलीनवर फॉस्फेटचा थर काचेपेक्षा चिवट बसतो असे नाही, पण ओरखड्यांत राहतो. शेवटचे खळबळणे विरल हायड्रोक्लोरिक आम्लाने, मग डिस्टिल्ड पाण्याने.

पालाशला (१ नॉर्मल अमोनियम ॲसिटेट, ५ ग्रॅम मातीला २५ मिली, ५ मिनिटे) त्याच बाटल्या. फ्लेम फोटोमीटरवर सोडियमही वाचायचा असेल तर प्लास्टिकच बरे, कारण काच स्वतः सोडियम सोडते.

गंधकाच्या ०.१५ टक्के कॅल्शियम क्लोराइडच्या निष्कर्षणाला काहीही चालते. पुढे.

२४ जानेवारी – जस्त, लोह, तांबे, मंगल

डीटीपीए (धातू ओढून घेणारे रसायन) निष्कर्षण: १० ग्रॅम माती, २० मिली द्रावण (०.००५ मोलर डीटीपीए, ०.०१ मोलर कॅल्शियम क्लोराइड, ०.१ मोलर ट्रायइथेनॉलअमीन, सामू ७.३), दोन तास शेक.

इथे काचेपेक्षा मोठा गुन्हेगार रबरी बूच. रबर व्हल्कनाइझ करताना त्यात झिंक ऑक्साइड घालतात आणि डीटीपीए ते ओढून काढते. हिशेब असा: मातीत जस्ताची नेहमी धरली जाणारी मर्यादा ०.६ मिग्रॅ प्रति किलो; मातीला द्रावण दुप्पट असल्याने ती द्रावणात ०.३ मिग्रॅ प्रति लिटर होते. बुचातून नुसते ०.०५ मिग्रॅ प्रति लिटर आले तरी मातीत ०.१ वाढते. ०.५५ ची कमतरता असलेली माती ०.६५ ची, म्हणजे ‘पुरेशी’ दिसते आणि शेतकऱ्याला झिंक सल्फेटची शिफारसच जात नाही.

म्हणून पीपी बाटली, पीपी झाकण, आत अस्तर नको. झाकण पांढरे किंवा बिनरंगी. निळ्या-लाल झाकणांच्या रंगद्रव्यात धातू असू शकतात. बाटली नवी असली तरी १० टक्के नायट्रिक आम्लात रात्रभर बुडवायची, तीन वेळा डीआयोनाइज्ड पाण्याने खळबळायची. नव्या पॉलिइथिलीन-पीपीच्या मालात साच्यातून सुटावा म्हणून घातलेले झिंक स्टिअरेट असू शकते.

प्रत्येक लॉटमधून पाच बाटल्यांत नुसते डीटीपीए घालून दोन तास हलवायचे आणि जस्त वाचायचे. पहिला लॉट ब्लँकला चिकटून आला. रबरी बूच लावलेल्या जुन्या कॉनिकलचे वाचन ठळकपणे वर, शेजारी ठेवले की दुसरा पुरावा लागत नाही.

बाटल्यांवर ‘सूक्ष्म’ असे कायमच्या मार्करने लिहून त्या वेगळ्या क्रेटमध्ये. एकदा मातीचा गाळ वाळला की पुन्हा आम्लात.

संहत नायट्रिक आम्लात पीपी भिजत ठेवू नये. ते ठिसूळ होते. जुन्या सवयीचे क्रोमिक आम्लाचे मिश्रण तर दोन्ही कारणांनी बंद: प्लास्टिक खाते आणि षट्-संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे.

६ फेब्रुवारी – बोरॉन

बोरोसिलिकेट काचेत बोरॉन ऑक्साइड सुमारे १३ टक्के. मातीत मोजायचा बोरॉन ०.५ मिग्रॅ प्रति किलोच्या आसपास. काचेतून झिरपणारे अगदी कमी असले तरी गरम पाण्याच्या निष्कर्षणाला ही काच वापरणे म्हणजे मिठाच्या भांड्यात आळणी आमटीची चव घेणे. बोरॉनमुक्त काच मिळते, पण महाग आणि तितकीच फुटकी.

पर्याय: १०० मिली पीपी बाटली, २० ग्रॅम माती, ४० मिली ०.०१ मोलर कॅल्शियम क्लोराइड (नुसत्या पाण्यापेक्षा गाळप स्वच्छ येते), उकळत्या पाण्याच्या बाथमध्ये. झाकण अर्धा फेरा सैल. घट्ट लावले तर बाटली आधी फुगते आणि थंड होताना आत चेपते.

घात होतो वेळेत. पीपीची उष्णतावहनक्षमता साधारण ०.२ वॅट प्रति मीटर-केल्व्हिन, काचेची १ च्या वर. बाथ उकळायला लागला म्हणून घड्याळ लावले तर आतली माती अजून कोमटच असते. एका बाटलीत थर्मामीटर घालून आतले तापमान ९५ °से च्या पुढे गेल्यावर पाच मिनिटे मोजायची. ॲझोमेथीन-एच (बोरॉनशी रंग देणारे द्रव्य) याचा रंग ४२० नॅनोमीटरवर. ते द्रावणही प्लास्टिकच्या बाटलीत, फ्रिजमध्ये. रंग विकसित करायलाही पीपीच्या नळ्या, नाहीतर केलेली मेहनत शेवटच्या टप्प्यावर काचेत जाते.

१९ फेब्रुवारी – नत्र

अल्कलाइन परमँगनेटचे ऊर्ध्वपातन. फ्लास्क, कंडेन्सर काचेचेच. २.५ टक्के सोडियम हायड्रॉक्साइड एचडीपीई कॅनमध्ये. ४० टक्क्यांचे द्रावण करताना मात्र एलडीपीई किंवा पातळ बादली वापरू नये; विरघळताना ते उकळत्याच्या जवळ जाते. जाड पीपीचे भांडे, थंड पाण्याच्या घमेल्यात, अल्कली थोडी थोडी.

पोटॅशियम परमँगनेट आणि पाण्याच्या कामातले आयोडीन तपकिरी काचेच्या बाटलीतच. आयोडीन पॉलिइथिलीनमध्ये मुरते. बाटली पिवळी पडते आणि द्रावणाची नॉर्मॅलिटी उतरते.

४ मार्च – पाण्याच्या तपासण्या

फ्लोराइड: यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड भागातील नमुन्यांत हीच तपासणी कळीची. भारतीय मानक १०५०० प्रमाणे ग्राह्य मर्यादा १.० आणि पर्याय नसल्यास १.५ मिग्रॅ प्रति लिटर. नमुना घेण्यापासून वाचनापर्यंत पॉलिइथिलीन. साठ्याचे द्रावण: वाळवलेले सोडियम फ्लोराइड ०.२२१ ग्रॅम, एक लिटर, म्हणजे १०० मिग्रॅ प्रति लिटर. ते वर्ग ‘अ’ काचेच्या फ्लास्कमध्ये खुणेपर्यंत करून लगेच एचडीपीई बाटलीत ओतायचे. फ्लास्कमध्ये रात्रभर ठेवायचे नाही.

कठिणता: कॅल्शियम-मॅग्नेशियम बांधून घेणारे ०.०१ मोलर ईडीटीए (डायसोडियम मीठ ३.७२३ ग्रॅम प्रति लिटर) पॉलिइथिलीनमध्ये. साध्या काचेतून ते कॅल्शियम-मॅग्नेशियम ओढते आणि आपोआप दुबळे होते.

बीओडीच्या (पाण्यातले जीवाणू किती ऑक्सिजन वापरतात त्या चाचणीच्या) ३०० मिली बाटल्या काचेच्याच. प्लास्टिकमधून ऑक्सिजन आरपार जातो, पाच दिवसांत (किंवा २७ °से वर तीन दिवसांत) तेवढे पुरते. तेल-ग्रीस आणि कीटकनाशकांचे नमुने काचेत, झाकणाला पीटीएफईचे अस्तर. प्लास्टिक हे पदार्थ शोषते आणि वर स्वतःचे प्लास्टिसायझर सोडते.

२१ मार्च – खुणेचे फ्लास्क: पीपी की पीएमपी की काच

सर्वात जास्त वाद इथे झाला, म्हणून आकडे मांडून ठेवतो.

१०० मिली वर्ग ‘अ’ फ्लास्कची मर्यादा ±०.१० मिली, वर्ग ‘ब’ची ±०.२०. पीपीचे फ्लास्क वर्ग ‘ब’. पीएमपीचे वर्ग ‘अ’ मिळतात, पारदर्शकही असतात, पण पीपीपेक्षा ठिसूळ. पडले तर तडा जाऊ शकतो, म्हणजे ज्यासाठी बदल करायचा तेच हुकते.

आपल्याकडे मापनाचे संदर्भ तापमान २७ °से धरलेले साहित्य मिळते. मागवताना २० की २७ ते बघायचे. हॉल ४० °से वर असताना, म्हणजे १३ अंश वर:

- काचेचा फ्लास्क: १०० × १०⁻⁵ × १३, म्हणजे ०.०१३ मिली वाढ. दुर्लक्षणीय.
- पीपी: रेषीय प्रसरणांक साधारण १.५ × १०⁻⁴, घनफळाचा ४.५ × १०⁻⁴, वाढ ०.५८५ मिली. मर्यादेच्या कितीतरी बाहेर.

इथवर काच जिंकते. पण पाणीही फुगते: २७ ला घनता ०.९९६५२, ४० ला ०.९९२२२. काचेच्या फ्लास्कमध्ये ४० °से वर खुणेपर्यंत केलेले द्रावण २७ वर आणले तर ९९.५८ मिली भरते, म्हणजे तीव्रता ०.४२ टक्के जास्त. पीपीच्या फ्लास्कमधले १००.१५ मिली भरते, म्हणजे ०.१५ टक्के कमी. भांडे आणि पाणी सारखेच फुगल्यामुळे पीपीची चूक कमी निघते!

यावर खूश होऊन पीपी घ्यायचे नाही. हा मेळ जुळतो तो फ्लास्क आणि पाणी दोन्ही ४० वर असतील तरच. डीआयोनाइज्ड पाणी वातानुकूलित खोलीतून येते आणि फ्लास्क हॉलमध्ये तापलेला असतो. शिवाय पीपीचा प्रसरणांक मालागणिक बदलतो. खरा धडा काचेसाठी आहे: मानक द्रावणे हॉलमध्ये करायचीच नाहीत. उपकरणांच्या खोलीत, पाणी आणि फ्लास्क तासभर तिथे ठेवून, मग खूण.

ठरले: मानक द्रावणांना काच, वर्ग ‘अ’. सूक्ष्म अन्नद्रव्ये व बोरॉनच्या मानकांना पीएमपी, त्याच खोलीत. नुसत्या अभिकर्मकांना पीपी.

पीएमपीची पडताळणी वजनाने: कोरडा फ्लास्क, २७ °से चे पाणी खुणेपर्यंत, निव्वळ वजन × १.००४५ = मिली. बरोबर १०० मिलीला ९९.५५ ग्रॅम यायला हवे. प्लास्टिकचे फ्लास्क ६० °से वर धुवायचे वा वाळवायचे नाहीत. आकार बदलला तर परत येत नाही आणि डोळ्यांना दिसतही नाही.

वाचनाची सवयही बदलावी लागते. काचेत पाणी भिंतीवर चढते आणि खोलगट कड दिसते. पीपीच्या सिलिंडरला पाणी चिकटत नाही. पृष्ठभाग जवळजवळ सपाट असतो, म्हणून जी सरळ रेघ दिसते तीच वाचायची. खोलगट भाग शोधत बसलेला माणूस नेहमी खाली वाचतो.

२ एप्रिल – खरेदीचे तपशील

ई-मार्केटप्लेसवर ‘प्लास्टिक बीकर’ लिहिले तर जे येईल ते घ्यावे लागते. लिहायचे ते असे: माल पीपी, बिनरंगी, पुनर्वापरित कच्चा माल नको, १२१ °से वर ऑटोक्लेव्ह चालेल, मापखुणा साच्यातून उठवलेल्या (छापील खुणा ॲसिटोनच्या एका पुसण्यात जातात), मालाचा आकडा तळाशी ठसलेला, मापपात्रांना वर्ग आणि बॅच प्रमाणपत्र. उठावदार खुणा लांबून वाचता येत नाहीत ही तक्रार येणार. त्यावर रंगीत मार्करची रेघ, इतकेच.

ओलावा मोजायला काचेच्या वजनबाटल्यांऐवजी झाकणाच्या ॲल्युमिनियम डब्या. १०५ °से वर २४ तास बिनघोर. डबी आणि झाकणावर एकच क्रमांक ठोकून घ्यायचा, झाकणे अदलाबदल झाली की वजन चुकते. पाण्याच्या बाथला ३०४ स्टील पुरे. हायड्रोक्लोरिक आम्लाजवळ मात्र ३१६ सुद्धा टिकत नाही, मॉलिब्डेनम असले तरी. बाथ फ्यूम हूडच्या (आम्लाच्या वाफा ओढणाऱ्या कपाटाच्या) बाहेर ठेवायचा.

१७ एप्रिल – वापरात आल्यावर

ओव्हनमध्ये पीपीची नरसाळी सापडली, जाळीच्या नक्षीसकट. १०५ °से ला पीपी वितळत नाही (ते १६० च्या पुढे), पण स्वतःच्या वजनाने वाकते. प्लास्टिक वाळवायला वेगळा ओव्हन, ६० °से, दारावर लाल पट्टी.

खिडकीतल्या पीपी बाटल्या खडूसारख्या पांढऱ्या पडायला लागल्या आहेत. ऊन पीपीला खाते. क्रेट आतल्या भिंतीला हलवले. दाबल्यावर पांढरी रेघ उमटणारी बाटली शेकरवर चढवायची नाही. दोन तासांत तिथूनच चिरते.

टोल्युइन व क्लोरोफॉर्मच्या टेबलावर एकही पीपी वस्तू नको. टोल्युइनमध्ये रात्रभर पडलेली पीपीची पट्टी फुगून मऊ झाली, वजन वाढले. वाळल्यावर आकार परतला नाही. तिथल्या विभाजन नरसाळ्यांना फक्त पीटीएफईच्या चाव्या, अंग काचेचे, कारण दोन थरांमधली सीमा दिसायला हवी.

५ मे – जुनी काच

बाद झालेल्या बोरोसिलिकेटची विल्हेवाट: भंगारवाल्याच्या बाटल्यांच्या काचेत मिसळायची नाही. ती सोडा काचेपेक्षा बऱ्याच जास्त तापमानाला वितळते, त्यामुळे भट्टीत तिचे न वितळलेले खडे नव्या बाटलीत राहतात. आम्लाने धुऊन, जाड खोक्यात, ‘प्रयोगशाळेची काच’ असे लिहून वेगळी द्यायची. ज्या कॉनिकलच्या फक्त काठाला टवका उडाला आहे, ती ग्लासब्लोअरकडे काठ वितळवून घेण्यासाठी बाजूला काढली. सेंद्रिय कर्बाच्या टेबलावर ती लागणारच आहेत.